दोन उल्कांचा पंचनामा

मंगळवार, ३ फेब्रुवारी २००४

चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, कुणाच्या बापाला हद्दीचा दगड इंचभर सरकवू दिला नाही. आणि आज ऐन वेळेला पायजम्याची नाडी सुटली.

संध्याकाळी सात वाजून चार मिनिटं. माझं घड्याळ रेडिओवर लावलेलं असतं, त्यामुळं वेळेबद्दल वाद नको. हिनं गच्चीवर वाळत घातलेले सांडगे गोळा करायला गेलो होतो. नाडी सुटली म्हणून मान खाली घातली आणि सगळी गच्ची लख्ख पांढरी झाली. माझी सावली पायापासून निघाली, कठड्यावर चढली आणि भराभर फिरून गेली. मी वर बघेपर्यंत नैऋत्येला पाण्याच्या टाकीमागं धुराची एक रेघ तेवढी शिल्लक. खाली गल्लीत हा गोंधळ. समोरच्या धोंडुबाईंना मोतीबिंदू आहे, त्यांनीसुद्धा पाहिला. मी नाडी बांधत होतो.

खाली आलो तर ही विचारते, "बघितलासा काय वं?"

"सगळा बघितला," म्हणालो. "पहिल्यापासून."

हे या वहीच्या बाहेर जायचं नाही.

आमची धाकटी मुलगी अनुजा राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. आज अर्धा तास उशिरा आली, पण आली ती ओरडतच. "आबा, आमाला दोन दिसले! एक वर, एक खाली! आणि शेवटाला दोन्ही एकमेकाला मिळालेच की!" क्लासच्या खिडकीतून पाहिले म्हणाली. मी 'आमाला' खोडून 'मला' असं लिहून घेतलं. साक्षीदार एकच असताना अनेकवचन चालत नाही. तिच्या चपला चिखलानं भरल्या होत्या. राजारामपुरीत पाण्याची पाइप फुटलेली दिसते.

बुधवार, ४ फेब्रुवारी

पेपरात चार ओळी आल्यात. 'तेजस्वी गोळा दिसल्याने नागरिकांत घबराट.' घबराट कसली, लोक अजून पानपट्टीवर उभे राहून हातवारे करतायत. जो तो म्हणतो, इथंच पडला, आमच्या मळ्याच्या पलीकडं. म्हणजे कुठंतरी दगड पडलाय आणि तो शोधायला या शहरात माझ्याइतका लायक माणूस नाही. पाच-पंचवीस जणांचे जबाब घ्यायचे, प्रत्येकाची रेषा नकाशावर ओढायची, जिथं रेषा मिळतील तिथं दगड. अट एकच, आणि ती मी नोकरीतही पाळली : साक्षीदारानं जागेवर उभं राहून बोट दाखवायचं. घरात बसून सांगितलेली हद्द मी कधी मानली नाही.

धोंडुबाईंनी जबाब क्रमांक एक दिला. "चांदणी कुटली रं, इमान जळत गेलं. मी हात जोडलं आणि दूध उतू गेलं." चुलीपासून खिडकीची दिशा घेतली. चोख जबाब.

हिला हा उद्योग पसंत नाही. पंधरा तारखेला पन्हाळ्याहून बाळासो पाटील येणार आहेत. त्यांचा विजयसिंह तिथल्या तालुक्याच्या कचेरीत आहे, त्याला अनुजा पसंत आहे, त्या दिवशी सुपारी फोडायची. ही म्हणते, "आदी पोरीला नीट इचारा." मी म्हणालो, विचारायचं काय, मुलगा सरकारी नोकरीत, घर बांधलेलं. तरी जेवताना अनुजाला सांगितलं, पंधराला लग्न ठरतंय. ती ताट घेऊन मोरीकडं गेली. नकार नाही म्हणजे संमती, असं धरून चाललोय.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सायकल दुकानवाला पिराजी. जबाब क्रमांक चार. म्हणाला, मेहुण्याला बघायला दवाखान्यात गेलतो, फाटकात उभा राहून बघितला, एवढा मोठा, हिरवागार. आज त्याला घेऊन दवाखान्याच्या फाटकात गेलो. नैऋत्येला तीन मजली इमारत. आभाळ रुमालाएवढंसुद्धा दिसत नाही.

"पिराजी, बोट दाखव."

पिराजीनं इकडं तिकडं पाहिलं आणि माझा हात धरून मला बाजूला घेतलं. "साहेब, त्यो जबाब फाडा. मी तालमीच्या गच्चीवर पत्ते खेळत हुतो. बायकोला दवाखाना सांगितलाय. तुमच्या पाया पडतो, मंडळीला कळलं तर मी खराच दवाखान्यात जातोय."

जबाब फाडला, तालमीच्या गच्चीवरून नवा घेतला. रेषा सुतासारखी आली. माणसं कुठं उभी होती हे सांगताना किती बिनदिक्कत खोटं बोलतात! माझ्या घरात असलं एक उदाहरण घडलेलं नाही याचा मला अभिमान वाटतो.

रविवार, ८ फेब्रुवारी

एक अडचण आहे. आतापर्यंत दहा रेषा ओढल्या आणि एकही दुसरीला मिळत नाही. सगळ्या शेजारीशेजारी नैऋत्येला चालल्यात. अशानं दगड सापडायचा कसा?

पण आज दुपारी मोठंच घबाड हाती लागलं. गुळाची ढेप आणायला शाहूपुरीत गेलो होतो. तिथं वीरभद्र अंगडींचं अडतीचं दुकान आहे, मूळ गडहिंग्लजकडचे लिंगायत, घरात निम्मं कानडी बोलतात. गल्ल्यावर त्यांचा मुलगा सोमेश होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा, सरळ नाकाचा, बी.कॉम. त्याला म्हणालो, "मी आकाराम चौगले, मंगळवार पेठ. मंगळवारच्या गोळ्याची चौकशी करतोय." तर तो ताडकन उभाच राहिला. खुर्ची दिली, चहा मागवला, चहा येईपर्यंत थंड मागवलं. व्यापाऱ्यांत अजून माणसाची कदर आहे.

मग त्यानं जबाब क्रमांक अकरा दिला, आणि माझ्या हातातून पेन पडायचं राहिलं.

"काका, दोन हुते. एक वर, एक खाली. शेवटी एकमेकात मिळाले. डाव्या हाताला एक वाकलेली बाभळ हुती, तिच्या मागनं गेले."

"कुठं उभा होतास?"

"हितंच. दुकानाच्या दारात. ट्रक भरून घेत हुतो."

दारात बाभळ नाही. पण तरण्या माणसाच्या डोळ्यांना लांबचं दिसत असेल. मुद्दा असा : अनुजा राजारामपुरीत, हा शाहूपुरीत. एकमेकांना ओळखत नाहीत. मी स्पष्ट विचारलं, जबाब सातच्या साक्षीदाराला, कुमारी अनुजा चौगले हिला ओळखतोस का? तो म्हणाला, "कोण अनुजा?" आणि खोकत आत पाणी प्यायला गेला. दोन स्वतंत्र साक्षीदार आणि दोघांनाही दोन! म्हणजे उल्का एक नव्हतीच. जोडी होती. हे अजून पुण्यातल्या कुठल्या शास्त्रज्ञाच्याही लक्षात आलेलं नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सोमेशला घरी बोलावून अनुजाच्या समोरासमोर जबाब घेतला. एकमेकांचं ऐकून साक्षीदार बिघडतात, म्हणून मधे मी बसलो. अनुजाला म्हणालो, तू जे पाहिलंस त्यात काही खूण होती का? ती म्हणाली, "बाभळ हुती, आबा. डावीकडं वाकलेली." क्लासच्या खिडकीतून बाभळ! दोघांची खूणही एकच. मला भरून आलं.

मी कागदातून डोकं वर काढलं तेव्हा दोघं एकमेकांकडं न बघता हसत होते. सोमेशला संकोच वाटत असावा, परक्याचं घर. मी त्याला म्हणालो, लाजायचं काही कारण नाही, आपलंच घर समज. तो म्हणाला, "व्हय काका." हिनं न सांगता शिरा केला. आमच्या थोरल्या जावयालासुद्धा पहिल्या दिवशी थालीपीठच मिळालं होतं.

रात्री जेवायच्या आधीच सगळे जबाब, नकाशा आणि माझं 'जोडउल्का' हे टिपण पुण्याच्या एका संस्थेतल्या प्राध्यापक देवधरांना कुरिअर केलं. उलटटपाली उत्तर मागितलंय.

बुधवार, ११ फेब्रुवारी

अनुजाच्या क्लासला जाऊन आलो. खिडकी एकच, ती पूर्वेला, आणि समोर शेजारच्या बंगल्याची भिंत. अनुजा म्हणाली होती, खिडकीतून पाहिला. याचा अर्थ उघड आहे. दुसरी उल्का पूर्वेकडून गेली आणि इतकी तेजस्वी होती की भिंतीवर दिसली. टिपणाला पुरवणी जोडली.

क्लासच्या बाई म्हणाल्या, "अनुजा? मंगळवारी ती आलीच नव्हती बहुतेक." त्या हजेरी नीट ठेवत नसणार, खासगी क्लासचं असंच असतं.

सोमेश रोज सहाला येतो. काल बाभळीची उंची आठवली म्हणून, आज बाभळीची जाडी आठवली म्हणून. असा सहकार्य करणारा साक्षीदार मला सबंध नोकरीत मिळाला नाही.

तो गेल्यावर अनुजा माझ्याजवळ येऊन बसली. "आबा, पन्हाळ्याला न्हाय म्हटलं तर?"

"कशासाठी नाही म्हणायचं?"

"असंच."

"असंच म्हणून अर्ज निकाली निघत नाही," मी म्हणालो. ती उठून आत गेली. ही दारातून माझ्याकडं बघत राहिली. काय चुकलं कळलं नाही, पण काहीतरी चुकलं असं वाटत राहिलं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

पुण्याचं पाकीट आलं! फोडलं नाही. उद्या पाहुण्यांसमोर फोडणार. व्याह्यांना कळू दे आपण कुणाच्या घरी सोयरीक करतोय. जबाब अकराचा साक्षीदार म्हणून सोमेशलाही बोलावलंय. मला वाटलं ही नको म्हणेल, पण म्हणाली, "येऊ दे की. तोच तर पायजे."

सोमेश आज गुळाची लहान ढेप घेऊन आला, वर लाल कागद. आज कसला सण, विचारलं, तर कानापर्यंत लाल झाला.

रविवार, १५ फेब्रुवारी

आज सगळं लिहायचं, एक ओळ गाळायची नाही.

बाळासो पाटील, विजयसिंह आणि त्यांचे दोघे भाऊबंद अकराला आले. पोहे झाले. अनुजाचे डोळे सुजलेले, मी समजलो सर्दी. सोमेश कोपऱ्यात बशी धरून बसलेला. सुपारी ताटात. मी म्हणालो, आधी पाच मिनिटं शास्त्राची, आणि पाकीट फोडून खड्या आवाजात वाचायला लागलो.

"'आपली मोजणी अत्यंत नेटकी आहे.'" इथं मी थांबलो आणि सगळ्यांकडं पाहिलं. "'रेषा एकमेकींना मिळत नाहीत यात आपला दोष नाही. उल्का शंभरहून अधिक किलोमीटर दूर होती आणि बहुधा समुद्रावर विझली. इतक्या दूरची वस्तू एकाच शहरातून सगळ्यांना एकाच दिशेला दिसणार. कृपया दगड शोधू नये.'"

हे जरा लागलं, पण पुढं वाचलं.

"'आता जबाब सात आणि अकरा. उल्का एकच होती. एक वर, एक खाली आणि शेवटी दोन्ही मिळाले, हे वर्णन शांत पाण्यातल्या प्रतिबिंबाचं आहे. बाभळही दोघांना एकाच बाजूला, तितकीच वाकलेली दिसली. सबब हे दोन्ही साक्षीदार एकाच वेळी एकाच तळ्याच्या काठी, एकमेकांपासून फार तर हातभर अंतरावर उभे असावेत. तळ्याचं नाव कळवावं.'"

"वा!" मी म्हणालो. खरंच म्हणालो. कारण सगळं बसलं होतं : चिखल, बाभळ, पूर्वेची खिडकी. आठवडाभर अडलेलं गणित सुटल्याचा आनंद मला आधी झाला. बाकीचं त्यानंतर कळलं.

बाळासो म्हणाले, "चौगले साहेब, म्हंजे तुमची मुलगी त्या दिवशी क्लासात न्हवती म्हणायची?"

खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. क्लासच्या मागं हौद आहे, असं म्हणालो असतो तर कुणी बघायला जाणार नव्हतं आणि सुपारी फुटली असती. अनुजा माझ्याकडं बघत होती. तिचा चेहरा असा होता की मी तोंड मिटलं.

"अनुजा," मी विचारलं, "कुठं हुतीस?"

"कळंब्याला, आबा. तळ्यावर."

"एकटी?"

कोपऱ्यात बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "मी हुतो, काका," सोमेश उभा राहून म्हणाला. "दोन वर्षं झाली. त्या दिवशी तिला न्हाय सांगायला गेलतो की तुझ्या घरात पन्हाळ्याचं स्थळ चाललंय तर तू जा. सांगायला तोंड उघडलं आणि त्यो गोळा आला. मग सांगायचंच राहिलं."

विजयसिंह चांगला पोरगा आहे. तो पुढं सरकून म्हणाला, "लई मोठा हुता काय वं? मला दिसलाच न्हाय, मी कचेरीत हुतो." बाळासोंनी त्याला दंडाला धरून उठवलं. "चला. पावणं, येतो आमी." सुपारी ताटातच राहिली.

मग मी ओरडलो. बापाला खोटं सांगितलंस, जबाबावर सही करून सांगितलंस!

अनुजा रडत होती, पण आवाज पक्का होता. "तुम्ही 'कुठं उभी हुतीस' तेवढंच विचारलासा, आबा. पन्हाळ्याला जायचंय काय, ते कधी विचारलासा? मी विचारायला आलो तर म्हणालासा अर्ज निकाली निघत न्हाय."

मी हिच्याकडं पाहिलं. ही म्हणाली, "माझ्याकडं काय बगतासा? आणि खोट्याचं तुमी बोलू नगासा. तुमी तर नाडी बांदत हुतासा. मी जिन्यात हुतो."

सोमवार, १६ फेब्रुवारी

सोमेश सहाला आला नाही. सहा वाजता दारात बघितलं हे इथं कबूल करतो.

अंगडी लिंगायत, आपण मराठा. आमच्यात बुधवार-रविवार मटण, त्यांच्यात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. माझे चुलतभाऊ बोलतील ते वेगळं, वीरभद्र अंगडी काय बोलतील ते वेगळं.

पण वाईट वाटतंय ते याचं नाही. पोर खोटं बोलली याचं कमी वाटतंय, ती मला भ्याली याचं जास्त. उभ्या तालुक्यात भाऊबंदकीत डोकी फुटायची, तेव्हा म्हातारे माझ्यापाशी येऊन खरं सांगायचे. माझ्या पोरीला सांगता आलं नाही. मी आलो की घरातली माणसं काय सांगायचं ते आधी ठरवतात, आणि ते इतकी वर्षं मला शिस्त वाटत होती.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

नकाशा पुन्हा काढला. जबाब सात आणि अकरा खोडले नाहीत, फक्त उभं राहायची जागा दुरुस्त केली : कळंबा. मग दोघांनी बोटानं दाखवलेल्या दिशेनं रेषा ओढल्या. बाकी सगळ्या रेषांशी तंतोतंत समांतर, केसाचाही फरक नाही. सबंध नकाशात इतक्या बिनचूक रेषा दुसऱ्या कुणाच्या नाहीत. जागेबद्दल खोटं बोलले, पण जे पाहिलं ते शब्दाशब्दानं खरं सांगितलं, तेही मला, आणि पकडले जाऊ याची पर्वा न करता.

माझा स्वतःचा जबाब होता, क्रमांक दोन. 'पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला.' तो फाडला. नवा लिहिला : 'फक्त सावली पाहिली. कारण : नाडी.' हिला वाचून दाखवला. ही इतकी हसली की शेवटी मीही हसलो, आणि समोरून धोंडुबाई विचारायला आल्या, पुन्हा काय पडलं काय म्हणून.

पानपट्टीवरून अंगडींच्या दुकानात फोन केला. सोमेशनंच उचलला. म्हणालो, उद्या सहाला कळंब्याला हजर राहायचं. जागेवरची मोजणी राहिली आहे.

बुधवार, १८ फेब्रुवारी

सहाला अनुजाला स्कूटरवर मागं घेऊन कळंब्याला गेलो. सोमेश बांधावर आधीच उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, चेहरा असा की जणू आता याला जेलात टाकायचंय.

बाभळ आहे. डावीकडं वाकलेली, पाण्यावर. मी होकायंत्र काढलं आणि म्हणालो, "जबाब सात, जबाब अकरा. त्या दिवशी जिथं उभं हुता तिथं उभं रहा."

अनुजा बांधाच्या एका टोकाला उभी राहिली, सोमेश दुसऱ्या. मधून बैलगाडी गेली असती.

"मोजणीत खोटं चालणार न्हाय," मी म्हणालो. "खरं जेवढं अंतर हुतं तेवढ्यावर या."

दोघं जरा सरकले. माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम होकायंत्रात डोळा घातला. पुन्हा सरकले.

"प्राध्यापकानं हातभर लिहिलंय."

"हातभर नव्हतं, आबा," अनुजा म्हणाली. "त्यापेक्षा कमी हुतं."

"मग त्यापेक्षा कमीवर या. मला काय, रेषा बरोबर आली पाहिजे."

ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. खांद्याला खांदा. दोघं पाण्याकडं बघत होते, मी दोघांकडं. मी दिशा घेतली, लिहून काढली, परत एकदा घेतली, कारण पहिल्या वेळी आकडा नीट दिसला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते चष्म्याला लागलं.

"काका, झालं काय?" सोमेशनं हळूच विचारलं.

"अजून न्हाय," मी म्हणालो. "लगतच्या खातेदाराला नोटीस दिल्याशिवाय मोजणी पुरी हुत न्हाय, एवढं तुला कळायला पाहिजे. तुझे वडील दुकानात किती वाजेपर्यंत असतात?"

अनुजानंच सांगितलं, "आठपर्यंत असतात, आबा."

"न्हाय म्हणतील ते," सोमेश म्हणाला. "आईपण."

"पहिल्या नोटिसीला सगळेच न्हाय म्हणतात. मी दुसरी काढतो, तिसरी काढतो. माझं सगळं आयुष्य त्यातच गेलंय."

अनुजानं माझ्या हातातलं होकायंत्र काढून घेतलं आणि पिशवीत ठेवलं. सात वाजायला पाच मिनिटं कमी होती. शाहूपुरीला पोचायला वीस मिनिटं पुरतात.